समोरची तार

जरीना मोमीनचं पत्र मला २०३१ सालच्या जुलैत आलं आणि त्याला मी उत्तर दिलं नाही. तेव्हासुद्धा कुणी पत्रं लिहीत नसे. पण मी फोनवर अडखळतो आणि ई-मेल आठवडा आठवडा उघडत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. निळ्या शाईतलं, दीड पानाचं पत्र. पहिल्या पानावर माझ्या रक्तदाबाची आणि काकूंच्या गुडघ्याची चौकशी. उरलेल्या अर्ध्या पानावर एक प्रश्न.

'सर, २०२७ च्या तुमच्या पेपरमध्ये अकरा नंबरच्या पट्टीचं मोजमाप आहे. तेव्हा समोर कोणता इलेक्ट्रोड होता? पेपरात ग्राफाइटची कांडी लिहिली आहे. मी ग्राफाइट लावून चौदा वेळा केलं. तुमच्या निम्मासुद्धा गॅस सुटत नाही. माझा हात चुकतोय का, एवढंच मला कळायला हवं आहे.'

मी माळ्यावरून प्रयोगाची वही काढली. पान त्रेपन्न. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'ग्रा. कांडी मोडली. प्लॅटिनम तार लावली. नंतर ग्राफाइटवर पुन्हा करणे.' पुन्हा केलं नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, निकाल आयुष्यात कधी आला नव्हता इतका चांगला आला होता आणि पेपर लिहिताना कृतीचा परिच्छेद मी आधीच्या पेपरातून जसाच्या तसा उतरवला. त्यात ग्राफाइट होतं.

उत्तराचे पाच मसुदे केले, एकही पुरा झाला नाही. सप्टेंबरात तिच्या कामाचा आढावा घ्यायला समिती बसली. जुना मार्गदर्शक म्हणून मलाही बोलावणं होतं. मी प्रकृतीचं कारण कळवलं. 'उमेदवाराचं प्रयोगकौशल्य समाधानकारक नाही' असा शेरा पडून तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. त्यानंतर उत्तर देणं आणखी अवघड झालं, आणि अवघड गोष्ट उद्यावर टाकण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे.

एका तारेचं एवढं काय, हे समजायला थोडं रसायनशास्त्र लागेल. ते सोपं करून सांगणं मला कधी नीट जमलं नाही, माझ्या वर्गात मागच्या बाकांवर मुलं झोपत. तरी सांगून बघतो.

पाण्यात दोन इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडली की एकावर हायड्रोजन सुटतो, दुसऱ्यावर ऑक्सिजन. हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हायड्रोजनच्या बाजूला मात्र एक पेच असतो. हायड्रोजनचा अणू आधी इलेक्ट्रोडच्या धातूला चिकटतो आणि मग शेजाऱ्याशी जोडी जमवून वायू होऊन सुटतो. धातूनं त्याला फार घट्ट धरलं तर तो सुटत नाही, फार सैल धरलं तर चिकटतच नाही. दोन्हीकडे वीज वाया जाते. प्लॅटिनमची पकड अगदी बेताची असते, म्हणून त्याला तोड नाही. पण ते दुर्मीळ. निकेल मुबलक, पण पकड जरा जास्तच घट्ट.

माझी कल्पना अशी होती, की कार्बनच्या धाग्याचं कापड घ्यायचं, त्यावर पॉलिॲनिलीन या वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा पातळ थर चढवायचा आणि त्या थरात निकेलचे अतिसूक्ष्म कण बसवायचे. थरात नायट्रोजनचे अणू असतात. ते धातूला जागोजागी धरून ठेवतात, कणांचा गोळा होऊ देत नाहीत. वेगळेवेगळे राहिलेले कण जास्त काम करतात. त्या कापडाच्या अकरा नंबरच्या पट्टीनं जवळजवळ प्लॅटिनमइतकं काम केलं.

आता समोरच्या तारेबद्दल. प्लॅटिनम आम्लात विरघळत नाही असं आपण म्हणतो. पण ते समोरच्या बाजूला लावून वीज सोडली तर किंचित विरघळतं. वजनाच्या काट्याला कळणार नाही इतकंच. ते पाण्यातून पलीकडे जातं आणि हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतं. मग आपण समजतो की निकेल काम करतंय, आणि काम चाललेलं असतं प्लॅटिनमचं. आमच्या विषयात ही चूक जुनी आणि बदनाम आहे. एम.एस्सी.च्या प्रत्येक वर्गाला मी पहिल्या आठवड्यात तिच्याबद्दल बजावत असे. जरीनालाही मीच बजावलं होतं.

गप्प राहिलो असतो आणि तो पेपर कपाटात पडून राहिला असता, तर एकाच माणसाचं नुकसान झालं असतं. पण २०३३ मध्ये नदीकाठच्या गावांतले कोळशाचे बॉयलर बंद करायचं सरकारनं ठरवलं. इचलकरंजीत कापड धुऊन-रंगवून देणारी प्रोसेस हाउसं वाफेवर चालतात. त्यांनी मिळून एक सहकारी संस्था काढली आणि जिथं बॉयलर तिथंच हायड्रोजन तयार करायचं ठरवलं. कुणीतरी माझा पेपर शोधून काढला. कापड विणायला गावात माग होते. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचे हौद रिकामे पडले होते, ते थर द्यायला उपयोगी आले. शिवाय पॉलिॲनिलीन म्हणजे रंगाऱ्यांचं जुनं ॲनिलीन ब्लॅक, छत्रीच्या कापडाला देत तो काळा रंग. जुन्या माणसांना ते शिकवावं लागलं नाही. तीन वर्षांत चौतीस प्रोसेस हाउसं त्या गॅसवर चालू लागली. लोक त्याला 'उपाध्ये कापड' म्हणू लागले. उपाध्ये म्हणजे मी.

चौतीस मशीनं नीट चालली आणि माझ्या मनाची समजूत पटली, की निकेलच काम करत असणार, तारेचा संबंध नसणार. समोरच्या बाजूला संस्थेनं टायटॅनियमच्या जाळ्या बसवल्या होत्या. त्यांच्यावर कशाचा मुलामा आहे हे मी कधी विचारलं नाही.

संस्थेचे अध्यक्ष तात्यासो मगदूम गेल्या बुधवारी सकाळी जयसिंगपूरला माझ्या घरी आले.

"सर, हाय का घरात?" दारातूनच हाक. बसल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही. "नव्या सहा मशीनचा गॅस मरतोय, सर. पैल्या दिवसापास्नंच. चौतीस जुनी झकास चालत्यात आणि ही सहा निम्म्यावर. रंगाचा माल अर्धवट ऱ्हातोय, कामगारास्नी एक पाळी घरी बसवायला लागलीय."

"काय बदललं?"

"जाळ्या. जुन्यांवर प्लॅटिनमचा मुलामा हाय. ह्या मँगनीजच्या. तुमच्या पेपरातच हाय की, प्लॅटिनमची गरज न्हाई म्हणून."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"जाळ्या तपासून आणल्या. चोख हायत. मग ऱ्हायलं काय? कापड. आणि कापड कुणाच्या हातचं? मोमीनबाईच्या. तुमचीच विद्यार्थिनी न्हवं ती? सोमवारी सभा हाय. थर सदोष असा अहवाल लिवलाय, बाईला काढायचं ठरलंय. खाली तज्ज्ञ म्हणून तुमची सही झाली की मिटलं."

जरीना थराच्या शेडची प्रमुख आहे, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तिकडे कधी गेलो नव्हतो. अशा शेऱ्यानिशी बाहेर पडलेल्या माणसाला या धंद्यात कुणी पुन्हा घेत नाही, हेही माहीत होतं.

"आधी बघून येतो," मी म्हणालो.

"बघा की. तुमचंच कापड हाय."

गुरुवारी एस.टी.नं गेलो. शेड म्हणजे जुनी सायझिंगच. लांबलचक हौदातून कापड सावकाश पुढे सरकत होतं, आत जाताना करडं, बाहेर येताना हिरवट काळं. हौदावर भरमाकाका म्हणून एक वयस्कर कामगार लाकडी दांडा घेऊन उभे होते. जरीना आता अडतीस वर्षांची. चष्मा लागलेला, बोटांची टोकं हिरवी.

"या सर. काका, सरांना खुर्ची द्या. ती नको, ती कमिटीची. तिचा पाय हलतो."

"हेच व्हय उपाध्ये सर?" भरमाकाकांनी मला न्याहाळलं. "मला वाटलं, ज्याचं नाव कापडाला दिलंय तो फोटोतला माणूस असंल. हार घातल्याला. ह्यो जिता हाय की."

"काका."

"बरं झालं, म्हणतोय मी."

पत्राचा विषय तिनं काढला नाही. टेबलावर काचेच्या दोन बरण्या मांडल्या, दोन्हींत आम्ल, दोन्हींत कापडाचा बोटभर तुकडा.

"लॉट दोनशे बारा. एका दिवशी, एका हौदातून निघाला. अर्धा जुन्या मशीनला गेला, अर्धा नव्या. दोन्हीकडून तुकडे कापून आणलेत. समोर दोन्हीकडे ग्राफाइटच लावायचं. कांड्या नव्या आहेत, सील तुम्ही फोडा."

मला सील फुटेना. भरमाकाकांनी दातानं फोडून दिलं.

वीज सोडली. जुन्या मशीनमधल्या तुकड्यावर बुडबुड्यांचा पडदा उठला. नव्यातला तुकडा बराच वेळ तसाच राहिला, मग एखादा बुडबुडा सुटू लागला.

"हात एकच आहे, सर. दोन्हीकडे माझाच," जरीना म्हणाली. "जुन्या कापडाचा तुकडा जाळून राख तपासायला दिली होती. प्लॅटिनम निघालं. एका चौरस मीटरला तीन मिलिग्रॅम."

मी आकडा पुन्हा विचारला. तिनं पुन्हा सांगितला. बाजारातल्या यंत्रांना तेवढ्याच जागेला ग्रॅमच्या हिशेबात प्लॅटिनम लागतं. हे त्याच्या हजाराव्या हिश्श्यात भागत होतं.

"एकेक अणू सुटा बसलाय," ती म्हणाली. "थरातल्या नायट्रोजननं धरून ठेवलाय. शेजारी दुसरा येऊ देत नाही. जाळीवरून सुटतो तो कापडात अडकतो आणि सगळं काम तोच करतो. निकेल नुसतं बघत बसलंय. सर, मुलामा दिलेली जाळी लागतच नाही. थर देतानाच हौदात प्लॅटिनमचा क्षार टाकला तर भागेल. चिमूटभर."

चाळीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत अशी गोष्ट एकदाच घडली होती आणि ती घडली हे मला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा चूक म्हणून मी ती माळ्यावर ठेवली. तिला त्या वर्षी एका शब्दाचं उत्तर मिळालं असतं तर ती हे तिसाव्या वर्षाच्या आतच करून बसली असती.

"हे कमिटीला दाखवलंस?"

"दाखवलं की. तात्यासो म्हणाले, बाई, सरांच्या पेपरात समोर ग्राफाइट आहे आणि तरी गॅस सुटलाय. म्हणजे प्लॅटिनम नसताना कापड चालतं. तुझ्या हातचं चालत न्हाई, एवढंच. सरांपेक्षा तू शहाणी काय?" तिनं तात्यासोंचा आवाज बरोबर काढला. भरमाकाका हसले. ती हसली नाही. "यावर काय बोलणार? अकरा वर्षं मलापण तेच वाटत आलंय."

"तेच म्हणजे?"

"की माझा हात चुकतो."

"समोर प्लॅटिनम होतं," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं.

"कांडी मोडली होती. मी प्लॅटिनमची तार लावली. वहीत लिहिलंय. पेपरात चुकीचं गेलं."

जरीनानं वीज बंद केली. दोन्ही बरण्यांतल्या कांड्या काढल्या, पाण्यानं धुतल्या, फडक्यानं पुसल्या, सवयीच्या कामाइतक्याच शांतपणे. मग विचारलं, "माझं पत्र मिळालं होतं?"

"मिळालं होतं."

"पहिली दोन वर्षं मला वाटायचं, पत्ता चुकला. पोस्टात जाऊन चौकशी केली होती मी." कांड्या तिनं खोक्यात ठेवल्या. "नंतर चौकशी सोडली."

सोमवारी सभेत येऊन सगळं सांगतो, असं मी म्हणालो.

"नको सर. तुम्ही उभे राहाल, घसा साफ कराल आणि खाली बसाल. तुम्हाला ओळखते मी." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. "लिहून द्या. मी लिहून विचारलं होतं. नोंदणी परत उघडायची तर विद्यापीठालाही कागदच लागणार. हातात नको, पोस्टानं पाठवा. वर तारीख पडू दे."

"चा तरी पिऊन जावा," भरमाकाका म्हणाले. मी थांबलो नाही.

घरी पोचेपर्यंत तात्यासोंचा फोन आलाच. भरमाकाकांनी सांगितलं असणार.

"सर, कळलं मला. तुमी काय बी काळजी करू नका. हौदात ते मीठ टाकायला उद्यापास्नं सुरू करतो. गॅस येतोय न्हवं? मग झालं तर. सोमवारचा अहवाल मागं घेतो. बाईला काढत न्हाई, स्टोअरला बसवतो, त्याच पगारावर. कापडावर तुमचं नाव हाय तसं ऱ्हाईल. मालेगाव-भिवंडीस्नं मागणी आलीया, ती प्लॅटिनम न्हाई म्हणून आलीया. आता उगं पेपर-बिपर काढून काय मिळणार? तुमच्या वयाला सोसायचं न्हाई ते."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना माझी खरोखर काळजी होती. आणि मला त्यांचं म्हणणं पटत होतं, हे इथं लिहिलंच पाहिजे. गॅस येणार, कामगार परत कामावर येणार, जरीनाची नोकरी राहणार. मी फक्त काही करायचं नव्हतं, आणि तेवढं मला चांगलं जमतं.

"बघतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

माझी बायको विजया भाजी निवडत होती. बत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळं ती अर्ध्या बोलण्यावरून पूर्ण ओळखते.

"स्टोअरला बसवणार म्हणजे तिचं काम काढून घेणार. उद्या विचारलं कुणी, तर शोध कुणाचा म्हणायचा? संस्थेचा?"

"बहुतेक."

"आणि चूक?"

"कुणाचीच नाही."

"बरी सोय आहे." तिनं एक देठ बाजूला टाकला. "तुम्ही पत्र लिहिलंत तर कापडावरचं नाव जाईल."

"नावच नाही. लोक लबाड म्हणतील. एवढं एकच तर काम होतं माझ्या नावावर."

"म्हणतील. दोन महिने म्हणतील. तुम्हाला कुठं लोकांत मिसळायची सवय आहे, कळणार पण नाही तुम्हाला." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्या वर्षी तुम्ही पाच कागद फाडले होते. मीच भरले केरात. एकात तरी खरं होतं का हो?"

"एकात होतं. दुसऱ्या ओळीपर्यंत."

"मग तिसरी ओळ लिहा."

शुक्रवारी सकाळी नऊला बसलो. पहिल्या मसुद्यात माझी निवृत्ती होती, मोडलेली कांडी होती, विभागातली टंचाई होती. ती सगळी खरी होती आणि त्यातलं काहीही तिनं विचारलेलं नव्हतं. तो फाडला. 'चि. जरीना' लिहून खोडलं, 'प्रिय' लिहिलं. साडेअकराला हे उरलं:

'प्रिय जरीना,

तुझ्या ८ जुलै २०३१ च्या पत्राचं हे उत्तर. अकरा नंबरच्या पट्टीच्या वेळी समोर प्लॅटिनमची तार होती. पेपरातलं ग्राफाइट ही माझी चूक. ती मला तुझं पत्र आलं त्याच दिवशी कळली आणि मी गप्प बसलो. ती चूक नव्हे.

तुझा हात चुकत नव्हता. चौदाही वेळा तुझं मोजमाप बरोबर होतं. या थरात प्लॅटिनम एकेका अणूनं धरलं जातं हे तू शोधलंस. माझ्याकडे ते नकळत घडलं आणि मी ते झाकून ठेवलं.

पेपर मागे घेण्याबद्दल नियतकालिकाला आज कळवलं आहे. या पत्राच्या प्रती विद्यापीठाला आणि संस्थेच्या सभेला पाठवत आहे. सोबत वही आहे. पान त्रेपन्न पाहावं.

भालचंद्र उपाध्ये'

वहीतलं तेवढंच पान पाठवणं सोपं होतं. पण प्रयोगाच्या वहीतलं पान फाडायचं नसतं. अख्खी वही कापडी पिशवीत शिवली. शिवण विजयानं घातली, माझी टाके सोडत होती.

पोस्टात खिडकीवर एक तरुण बाई होत्या.

"रजिस्टर करायचंय. तीन," मी म्हणालो.

"आजोबा, रजिस्टर बंद होऊन सतरा वर्षं झाली. आता स्पीड पोस्ट." त्यांनी पार्सल काट्यावर ठेवलं. "आत काय?"

"वही. आणि एक पत्र."

"किमती आहे का? विमा उतरवायचा?"

"सांगता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्के मारले. २८ नोव्हेंबर २०४२. इचलकरंजीला उद्या पोचेल, म्हणाल्या. पावत्या देत होत्या तेव्हा मी विचारलं, "एकदा दिल्यावर परत घेता येतं का?"

"येतं की. अर्ज लिहायचा, पोस्टमास्तरांची सही घ्यायची. पण गाडी सुटायच्या आत. साडेतीनला सुटते."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अर्जाचे कागद काउंटरवर दोरीनं बांधलेल्या पेनाशेजारीच होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बाकावर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. गाडी पाच मिनिटं उशिरा आली. पोती चढवली, दार लावलं, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी उठलो नाही.